पांढऱ्या फरशीवरच्या तीन गाड्या

१

घाटाचा चढ संपून रस्ता वळतो, तिथं हिरव्या गाडीचं इंजिन जाम झालं. मागची चाकं जागच्या जागी अडकली आणि गाडी घसरत जाऊन कठड्यावर आदळली. आत एकटे दादा होते. जिवावरचं होतं ते खांद्याच्या हाडावर निभावलं.

दादा म्हणजे वर्कशॉपचे मालक. जुन्या स्पोर्ट्‌स गाड्या घ्यायच्या, त्यांची इंजिनं उघडून पुन्हा नव्यासारखी जोडायची आणि पुढच्या पांढऱ्याशुभ्र फरशीच्या शोरूममध्ये उभ्या करून विकायच्या, हा त्यांचा धंदा. इंजिनं जोडायचं काम त्यांच्या मुलीचं. तिनं जोडलेलं आणि वाया गेलेलं हे तिसरं इंजिन. आधी पिवळी गाडी, मग चंदेरी, आता ही हिरवी. तिन्ही गाड्यांचं दुखणं एकच होतं, बेअरिंग.

बातमी कळताच दादांची धाकटी बहीण पिशवी उचलून येऊन थडकली. तिला गल्लीतले सगळेच आत्याबाई म्हणत. आत्याबाईंचा उभा जन्म एका तपासणी प्रयोगशाळेत मोडक्या लोखंडाकडे बघण्यात गेला होता. पूल का वाकला, पंख्याचं पातं का तुटलं, दोष कोणाचा, हे विमा कंपन्या त्यांना विचारत. निवृत्त झाल्या तरी खोड गेली नव्हती. घरात कप फुटला की त्या तुकडे जुळवून बघत आणि कोणाच्या हातून फुटला ते जेवणाच्या टेबलावर जाहीर करत. घरच्यांना याचा फार त्रास होई.

दादा खाटेवर बसून होते, डावा हात गळ्यात बांधलेला. चेहरा हातापेक्षा जास्त दुखावलेला.

“इंजिनाची खोली बंद करतोय,” ते म्हणाले. “सोमवारी माणसं येऊन यंत्रं उचलून नेतील. तिला शोरूमचं बघू दे, नाहीतर जावईबापू म्हणतायत तसं दुसऱ्या गावी जाऊ दे. इंजिनाला मात्र तिनं आता हात लावायचा नाही.”

“हाड तुझं मोडलं आणि शिक्षा तिला?”

“शिक्षा कसली? पोरीच्या हाताला यश नाही. आज मी होतो म्हणून वाचलो. उद्या गाडीत कोणाचं लेकरू असलं तर?”

दादांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि नेमकं तेच त्यांना खटकलं.

“हिरवी गाडी कुठंय? इंजिन उघडलं का?”

“ताडपत्रीखाली झाकून ठेवलीय. कोणी उघडायची नाही.” दादांचा आवाज एकदम चढला. “तशीच भंगारात जाणार. तूसुद्धा हात लावायचा नाहीस!”

दादा बहिणीवर कधी ओरडत नसत. आत्याबाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्या उशाशी ठेवला आणि मनाशी म्हटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

२

भाची इंजिनाच्या खोलीत स्टुलावर बसली होती. डांगरी स्वच्छ, हात स्वच्छ, पाने भिंतीवर ओळीनं टांगलेले. नेहमी ग्रीस फासलेली ही पोर इतकी स्वच्छ दिसली की आत्याबाई दारातच थबकल्या.

“आत्या, तू चहा घेणार असशील तर मी करते. आता माझ्याकडे वेळच वेळ आहे.”

“चहा नंतर. आधी तुझी मेलेली बेअरिंगं दाखव.”

दोन ट्रे समोर आले. एक पिवळीचा, एक चंदेरीचा. प्रत्येकात अर्धगोल पत्र्यांच्या जोड्या मांडलेल्या, काकडीच्या सालीसारख्या वाकलेल्या. इंजिनाच्या पोटात फिरणारा मुख्य दांडा म्हणजे क्रँक. पिस्टनचे रॉड त्याला जिथं धरतात तिथं हे पत्रे मिठी मारून बसतात. पत्रा आणि क्रँक एकमेकांना कधी टेकत नाहीत. मध्ये तेलाची साय असते, दुधावरच्या सायीहून कितीतरी पातळ. ती साय फाटली की लोखंडाला लोखंड भिडतं, आधी खटखट ऐकू येते आणि मग इंजिन जीव सोडतं.

आत्याबाईंनी भिंग काढलं आणि पहिलाच पत्रा उचलून कपाळाला हात लावला.

“हे इतकं लख्ख कोणी केलं?”

“बाबांनी. दोन्ही इंजिनं त्यांनीच उघडली. गाडीतून काहीही निघालं की आधी डिझेलच्या टाकीत धुवायचं, मग ट्रेमध्ये मांडायचं, हा त्यांचा नियमच आहे. घाण दिसली की त्यांना सुचत नाही.”

“खून झाल्यावर फरशी पुसून ठेवायची आणि मग पोलिसांना बोलवायचं! धन्य आहे.”

भाची हसली नाही. आत्याबाई पत्रे उलटेपालटे करत राहिल्या. पुरावा धुतला होता, तरी सगळाच गेला नव्हता. पत्र्यात वाळू किंवा लोखंडाचा कीस रुतलेला नव्हता, म्हणजे तेलात कोणी काही टाकलं नव्हतं. तेलाची भोकं एकमेकांसमोर अचूक आलेली होती, मागच्या खुणा सांगत होत्या की प्रत्येक पत्रा आपल्या जागी घट्ट बसला होता. मात्र आतली बाजू लोण्यासारखी फासटली गेली होती आणि कडा तापून निळ्या पडल्या होत्या.

“पोरी, ही तहानेनं मेली आहेत. तेल होतं, पण यांच्यापर्यंत पोचलं नाही. तू जोडण्यात चूक केली असतीस तर एखादंच गेलं असतं. इथं सगळ्यांनी एकदम माना टाकल्यात.”

भाचीच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं आत्याबाईंना वाटलं होतं. ती उलट पांढरीफटक पडली.

“म्हणजे कोणीतरी मुद्दाम केलं?”

“तसं मी कुठं म्हटलं?”

“नको आत्या. चूक माझीच आहे. माझीच होती असं बाबांना सांग आणि सोडून दे.”

निर्दोष माणूस सुटका नको म्हणतो तेव्हा तो दुसऱ्या कोणाला तरी पाठीशी घालत असतो. आत्याबाईंनी हे प्रयोगशाळेत फार वेळा पाहिलं होतं.

३

जावई मागच्या शेडमध्ये एका चाकाचे ब्रेक उघडून बसला होता. उंचापुरा, अबोल, सासऱ्यासमोर तर मुकाच. चाकं आणि ब्रेक हा त्याचा विभाग. त्याला दुसऱ्या गावच्या एका मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं आणि बायकोनं सोबत यावं अशी त्याची इच्छा होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती जात नव्हती ती या इंजिनाच्या खोलीपायी.

आत्याबाईंनी काही विचारायच्या आतच तो उठून उभा राहिला.

“आत्या, पिवळी गाडी माझ्यामुळे गेली. गिऱ्हाइकाकडे पोचवायला मीच नेली होती. मोकळा रस्ता दिसला, मी दामटली. वळणावळणांवर भरधाव नेली. तिचा काही दोष नाही. बाबांना मी आजच सांगणार आहे.”

“आणि चंदेरी?”

“तीसुद्धा. विकायच्या आधी मीच चालवून बघितली होती.”

“हिरवी?”

तो हातातल्या पान्याकडे बघू लागला. हिरवी शोरूममधून निघाली ती थेट दादांच्याच हातात.

पिवळी गाडी इंजिनाविना कोपऱ्यात उभी होती. आत्याबाईंनी तिला एक फेरी मारली, चाकाशी उकिडव्या बसल्या आणि टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. कडेचे केस जसेच्या तसे होते.

“जावईबापू, गाडी वळणांवर दामटली की पहिल्यांदा हे केस जातात. तुम्ही तर नव्या नवरीला न्यावं तशी नेलीत ही गाडी. खोटं बोलता येत नाही तर बोलू नये माणसानं.”

जावयाचे कान लाल झाले.

“मग मी काय करू? खोली बंद झाली तर ती जगेल कशी? मला त्या कारखान्यात जायचंय, ते खरं आहे. पण तिनं हरून माझ्याबरोबर यावं हे मला नकोय.” त्यानं पाना खाली ठेवला. “आणि आत्या, अलीकडे ती फार दमते. मला वाटलं, चुकलाच असेल हात. माणूसच आहे. म्हणून म्हटलं, दोष माझ्या अंगावर येऊ दे.”

आत्याबाईंना त्याचं कौतुक वाटलं आणि रागही आला. एक जण दुसऱ्यासाठी खोटं बोलत होता, दुसरी गप्प बसत होती. मधल्या मध्ये खरा प्रकार मस्तपैकी लपून राहिला होता.

४

शोरूममध्ये शिरताना बाहेर चपला काढाव्या लागत, इतकी ती फरशी पांढरी होती. एक डाग नव्हता. गाड्यांखाली तर दादा आरसा सरकवून बघत. तेलाचा एक थेंब जरी दिसला तरी दिवसभर कोणाशी धड बोलत नसत.

इथं विक्रीला असलेल्या माणसाला सगळे मधाळ म्हणायचे. त्याची जीभ गोड, केस चोपडलेले, नखं कापून गोल केलेली. भंगारातली गाडीसुद्धा तो गिऱ्हाइकाला लग्नातली घोडी म्हणून गळ्यात मारू शकला असता.

“आत्याबाई, बसा ना! काय मागवू?”

“खरं उत्तर मागवा. गिऱ्हाईक आलं की तुम्ही काय करता?”

“गाडी सुरू करून आवाज ऐकवतो. स्पोर्ट्‌स गाडी म्हणजे आवाजच की हो! दोनचार वेळा असा पाय दाबतो ना, समोरच्याचं काळीज विरघळतं.”

“थंड इंजिनावर?”

मधाळचं हसू जरा ओसरलं. “म्हणजे... गरम व्हायला कुठं वेळ असतो?”

“तेल जाड असताना रेस करता आणि बेअरिंगांचे हाल करता. आजपासून बंद.” मधाळनं मुकाट मान हलवली. आत्याबाईंनी मात्र मनातल्या मनात त्याचं नाव खोडून टाकलं. या चाळ्यानं बेअरिंगं झिजतात, पण सावकाश, वर्षं जातात. अशी एकदम तहानेनं मरत नाहीत. “बरं, तिन्ही गाड्या इथं उभ्या होत्या?”

“हो. इथूनच गेल्या.”

“आणि तिनं जोडलेल्या बाकीच्या? बाहेरच्या लोकांच्या गाड्या?”

“त्या मागच्या मागे जातात. मालक येतो, घेऊन जातो. त्यातली एकही परत आलेली नाही, हे मात्र खरं.” मधाळला बोलायला विषय मिळाल्याचा आनंद झाला. “बाकी इथं तक्रारीला जागा नाही हो. फक्त कधीमधी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं की आंबट वास येतो. व्हिनेगर सांडल्यासारखा. सुट्टीला दादा एकटे येऊन फरशी पुसतात, कशानं पुसतात देव जाणे. मी आपला अत्तर मारतो.”

आत्याबाईंनी चष्मा काढून पुसला. विचार करताना त्या नेहमी असंच करत. मग त्यांनी मधाळकडून चंदेरी गाडीच्या मालकिणीचा फोन लावून घेतला. त्या दातांच्या डॉक्टर होत्या आणि अजून चिडलेल्या होत्या.

“इंजिन जायच्या आधी समोरचा तेलाचा लाल दिवा लागला होता का?” आत्याबाईंनी विचारलं.

“लागायचा आणि विझायचा! वेगात गेलं की लागायचा, सिग्नलला थांबलं की विझायचा. मला वाटलं, दिवाच बिघडलाय. एका बाईनं जोडलेलं इंजिन आहे असं नंतर शेजारच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, आणि वर हसला. मी त्याला म्हटलं, दात मीपण काढते, दाखवू का?”

आत्याबाईंना त्या डॉक्टरबाई एकदम आवडल्या. आणि त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. त्या तडक इंजिनाच्या खोलीत गेल्या.

“ऊठ. हिरवी गाडी उघडायची.”

“बाबांनी मनाई केलीय.”

“तो तुझा बाप आहे, पण माझा भाऊ आहे. ऊठ म्हणते ना!”

भाचीनं खाली मान घातली आणि ती रडू लागली.

“आत्या, ती कोणीतरी आधीच उघडली होती.”

५

रडणं ओसरल्यावर सगळं बाहेर पडलं. भाची प्रत्येक बोल्ट आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची, अर्धी बोल्टवर, अर्धी खालच्या धातूवर. कोणी बोल्ट फिरवला की रेघ तुटते. हिरवी गाडी शोरूममध्ये गेल्यावर एकदा काहीतरी पडलं म्हणून ती खाली वाकली, तर चेंबरच्या सगळ्या रेघा तुटलेल्या. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी बसवलेली तेलाची परात.

“मला वाटलं, यानंच...” तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही. “मी इथून निघावं म्हणून. मी विचारायला घाबरले, आत्या. विचारलं आणि तो हो म्हणाला असता तर? मी गप्प बसले आणि बाबा तीच गाडी घेऊन गेले. ते मेले असते!”

आत्याबाईंनी तिला जवळ घेतलं. रडणाऱ्या माणसाला तर्क सांगून उपयोग नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी तो सांगितलाच, कारण त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

“दिवा वेगात लागतो आणि थांबल्यावर विझतो. म्हणजे पंप चांगला आहे, तेलही आहे. पण पंप जोरात ओढायला लागला की त्याला पुरेसं मिळत नाही. चेंबरच्या तळाशी पंपाच्या नळीला जाळी असते ना, ती तुंबलेली असणार. कशानं, तेही मी सांगते. रबरासारख्या तुकड्यांनी. आणि तुकडे चेंबरची फट बुजवायला तू लावतेस त्या पेस्टचे नसणार. तुझी पेस्ट कोणत्या रंगाची?”

“करडी. चेंबर बसवताना कडेला बारीक रेघ, काडीएवढी. जास्त लावली की आत दबून तुटते आणि...” तिचे डोळे मोठे झाले. “आणि जाळीत जाते!”

जावयालाही बोलावलं. गाडी लिफ्टवर चढली. तो दिवा धरून उभा राहिला, ती बोल्ट सोडू लागली. नवरा-बायको एकमेकांकडे बघत नव्हते. चेंबर खाली आलं, काळं तेल ओघळलं, आणि आत्याबाईंनी स्वतः जाळी काढून कागदावर उपडी केली.

जाळीचं तोंड पुरतं बंद झालं होतं. काळ्या चिखलातून त्यांनी चिमट्यानं एक तुकडा उचलला आणि फडक्यानं पुसला.

तुकडा लालभडक होता.

६

“लाल पेस्ट आपल्याकडे कोणीच वापरत नाही,” भाची म्हणाली. आता तिनं सरळ नवऱ्याकडे पाहिलं. “तू?”

त्या एका शब्दात बायकोच्या मनात काय चाललं होतं ते त्याला कळलं.

“तुला वाटलं, मी?”

“थांबा,” आत्याबाई म्हणाल्या. “भांडायचं असेल तर नंतर निवांत भांडा. आधी हे बघा.”

त्यांनी चेंबरची कड उजेडात धरली. बाहेरून पेस्टची रेघसुद्धा दिसत नव्हती, पुसून चकचकीत केलेली. आत मात्र अंगठ्याएवढा लाल पट्टा फुगून आलेला, चारही कोपऱ्यांवर दोनदा फिरवलेला, कुठं खंड नाही.

“ज्याला इंजिन मारायचं असतं तो इतक्या मायेनं गळती बंद करत नाही. हे घात करणाऱ्याचं काम नव्हे. थेंबभर तेल गळू नये म्हणून जीव टाकणाऱ्याचं आहे. आता पुढं चला. मेल्या त्या फक्त शोरूममध्ये उभ्या राहिलेल्या गाड्या. मागच्या मागे गेलेल्या सगळ्या ठणठणीत. जावईबापूंना तिचं काम बिघडवायचं असतं तर दोन्ही प्रकारच्या गाड्या त्यांच्या हाताखालून जातात, त्यांनी हीच निवड का केली असती? मधाळला तर पाना कोणत्या बाजूनं धरायचा तेही माहीत नाही. पांढऱ्या फरशीवर थेंब पडू नये म्हणून ज्याची झोप उडते, असा माणूस या जागेत एकच आहे.”

जावयानं हातातला दिवा खाली ठेवला.

“ही लाल पेस्ट वाळताना व्हिनेगरसारखा वास मारते. सुट्टीला तुम्ही दोघं जावईबापूंच्या आईकडे जाता. वर्कशॉपमध्ये कोण असतं?”

“बाबा,” भाची अगदी हळू म्हणाली.

७

दादा खाटेवर तसेच बसले होते. आत्याबाईंनी जाळी त्यांच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवली, आपला चष्मा काढून त्यांच्या नाकावर चढवला आणि म्हणाल्या, “बघ.”

दादांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चांगल्या हाताच्या बोटानं एक लाल तुकडा दाबून बघितला.

“ही माझी पेस्ट आहे.”

“हो.”

“मी तर गळू नये म्हणून लावत होतो.” त्यांना अजून नीट उमगत नव्हतं. “जन्मभर अशीच लावत आलोय. कधी काही झालं नाही गं!”

“तेव्हाच्या इंजिनांच्या जाळ्यांतून बोट जायचं, दादा. तुकडा आला तरी निघून जायचा. ही इंजिनं वेगळी आहेत, जाळी गाळणीसारखी बारीक आहे. ती दोन इंजिनं तूच उघडलीस, तूच धुतलीस. चष्मा लावायला लाज वाटते, म्हणून काळ्या चिखलात लाल तुकडे तुला दिसले नाहीत.”

“आणि तिसरं मी उघडू दिलं नाही.” दादांनी चष्मा काढून हातात धरला. “आपली चूक डोळ्यांनी बघून ती खचेल, म्हणून. मला वाटलं, तिला ते बघायला लागू नये.”

“पण पेस्ट लावायचीच कशाला? तिची होती ना?”

दादांनी मान फिरवली. बोलले तेव्हा भिंतीशी बोलले.

“लोक टपलेले असतात. दुसऱ्या कोणाची गाडी गळली तर गळली. हिची थेंबभर जरी गळली असती तर सगळा बाजार म्हणाला असता, बाईनं जोडलंय. ते मला ऐकायचं नव्हतं. आणि तिला सांगितलं असतं, तर तिला वाटलं असतं माझा विश्वास नाही.”

“विश्वास नव्हताच, बाबा.”

भाची दारात उभी होती. मागे जावई. ती केव्हा आली ते कोणालाच कळलं नव्हतं.

दादांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना रडू फुटलं. खांदा दुखत होता तरी ते आवरेना. “नव्हता,” ते म्हणाले. “तुझ्यावर नव्हता असं नाही गं, लोकांवर नव्हता. पण त्याची शिक्षा तुला दिली. तुझं काम चोख होतं, बाळ. मी त्याच्यावर थापून ठेवलं आणि मग तुझ्याच हाताला नावं ठेवली. मला माफ कर.”

भाची येऊन खाटेच्या कडेला बसली आणि बापाच्या चांगल्या खांद्यावर तिनं डोकं टेकवलं. मग ती म्हणाली, “मी तर तुमच्या जावयावर संशय घेतला होता.”

“आणि मी तुझ्या हातावर,” जावई म्हणाला.

“म्हणजे या घरात एकट्या मधाळवर कोणी संशय घेतला नाही,” आत्याबाई म्हणाल्या, “आणि थंड इंजिनं रेस करणारा तोच एक निघाला!”

पहिल्यांदा भाची हसली, मग जावई, मग रडता रडता दादा. हसल्यावर हाड दुखलं म्हणून ते कळवळले आणि पुन्हा हसले. आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या खुर्चीत टेकल्या तेव्हा त्यांना कळलं की आल्यापासून त्या धड बसल्याच नव्हत्या. आयुष्यभर त्यांनी दोषी शोधून दिले होते आणि मागे वळून बघितलं नव्हतं. आज ज्याला शोधलं तो आपल्या मुलीचे केस विंचरल्यासारखे बोटांनी सारखे करत बसला होता, आणि त्याला सोडून जावंसं त्यांना वाटेना.

थोड्या वेळानं दादांनी फोन मागितला. आधी त्यांनी सोमवारी यंत्रं न्यायला येणाऱ्यांना सांगितलं की येऊ नका, आणि कारण विचारलं तेव्हा “आमच्याकडे काम आहे” एवढंच म्हणाले. मग त्यांनी चंदेरी गाडीच्या डॉक्टरबाईंचा नंबर लावला. फोनवर दादा नेहमी घसा साफ करून, तोलून बोलत. आज तसं काही केलं नाही.

“डॉक्टर, तुमची गाडी माझ्यामुळे बिघडली. मी तिच्यात नको तिथं हात घातला. इंजिन माझ्या मुलीनं जोडलं होतं, आणि ते अगदी बरोबर जोडलं होतं. नवं इंजिन आम्ही देऊ. कोणाकडून जोडून हवं ते तुम्ही सांगा.”

पलीकडून डॉक्टरबाई काय बोलल्या ते खोलीत सगळ्यांना ऐकू आलं, कारण त्या मोठ्यानं बोलत. “दुसऱ्या कोणाकडून कशाला? द्या तिला फोन.”

दादांनी फोन पुढं केला. जाळी काढताना भाचीचे हात पुन्हा काळे झाले होते. ते पुसायला ती फडकं शोधू लागली, पण दादांनी मान हलवली आणि फोन तसाच तिच्या हातात दिला.

“बोला,” ती म्हणाली. “मीच जोडते इंजिनं.”